सुदामा, द्रोण आणि हातउसने

मराठीत पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याच्या जितक्या वाटा आहेत, जवळजवळ तितकेच शब्दही आहेत. कर्ज, उधार, उचल, विसार, तारण, गहाण, हुंडी, रोखा. ह्यांतील प्रत्येकाची रीत निराळी आणि तिच्या दोन टोकांस उभी असलेली माणसेही निराळी. ह्या सर्वांच्या पंक्तीत, दिसावयास अगदी निरुपद्रवी असा एक शब्द मागच्या बाजूस बसलेला आहे. तो म्हणजे हातउसने. आम्ही राहतो त्या राधानगरीत तो दररोज कानांवर पडतो. बाजारपेठेत, एस. टी. च्या थांब्यावर, शाळेच्या शिक्षकदालनात, कोणीतरी कोणास थोडे बाजूला घेते आणि आवाज उतरवून म्हणते, "जरा हातउसने पाहिजे होते, उसाचे बिल आले की देतो." भोगावतीच्या ह्या काठावर पैसा ऋतूने येतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी, उसाचे बिल गळितानंतर, पगार महिन्याच्या आरंभी. मधल्या कोरड्या दिवसांवर पूल बांधण्याचे काम हा शब्द करीत असतो.

'उसने' हा मुळात स्वयंपाकघरातला शब्द. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी, चार दिवसांनी त्याच वाटीने परत करावी, आणि पुढल्या आठवड्यात तीच शेजारीण दही लावण्यासाठी विरजण मागावयास येते. व्याज नाही, कागद नाही, साक्षीदार नाही. असलाच तर वाटीचा काठ. ह्या व्यवहाराचा सारा गोडवा त्याच्या उलटसुलट जाण्या-येण्यात आहे. आज तुझी साखर संपली, उद्या माझी. पैशास हा शब्द लावताना आपण नकळत असे गृहीत धरतो की पैशाची गरजही अशीच आळीपाळीने दोन्ही घरी जाईल. ती तशी जात नाही. ज्याच्या घरी ती एकदा येते, त्याच्याच घरी ती पुन्हापुन्हा येते, आणि वाटी एकाच दिशेने फिरू लागते. त्या दिवसापासून दोन मित्रांमध्ये जे सुरू होते, त्यास आमच्या भाषेत शब्द नाही आणि, आमचा मुद्दा असा की, आमच्या वाङ्मयात त्याचे चित्रही जवळजवळ नाही.

सावकाराचे चित्र आहे, ते हवे तितके आहे. कथेत, नाटकात, चित्रपटात त्याची चोपडी, त्याची पगडी, त्याचे खोटे आकडे आणि त्याच्या दारी उभा असलेला शेतकरी आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहो. उसने मागत फिरणारा लघळ शेजारी हाही आमच्या विनोदी लेखकांचा आवडता प्राणी आहे. त्याला पाहून घरची मंडळी दार लावून घेतात आणि वाचक हसतो. परंतु ज्याने आपल्या जिवलग मित्रास पैसे दिले, ते परत आले नाहीत, आणि ज्यास ते मागताही येत नाहीत व विसरताही येत नाहीत, असा सज्जन, संकोची, मध्यमवर्गीय धनको कोठे आहे? हा मनुष्य आमच्या प्रत्येक आळीत आहे. पुस्तकात मात्र तो शोधावा लागतो. असे का झाले असावे, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मैत्री आणि पैसा ह्यांची आमची आद्य कथा सुदाम्याची. भागवताच्या दशम स्कंधात हा प्रसंग आहे. तेथे त्या ब्राह्मणास हे नाव नाही, ते परंपरेने पुढे दिले. बायकोच्या आग्रहावरून तो द्वारकेस जातो. मागावयास म्हणून जातो आणि न मागता परत येतो. पोह्यांची पुरचुंडी तो लपवितो, कृष्ण ती हिसकावून घेतो. रात्रभर गुरुगृहीच्या आठवणी निघतात. सकाळी निरोप होतो. पैशाचा शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारीत नाही. परतताना सुदामा स्वतःची समजूत घालतो की, धनाने उन्मत्त होऊन मी देवास विसरू नये म्हणूनच मित्राने काही दिले नसावे. आणि घरी येऊन पाहतो तो झोपडीच्या जागी प्रासाद. कथा अत्यंत सुंदर आहे ह्यात शंका नाही. पण तिची रचना पाहा. मित्रास मागण्याची लाज आणि मित्रास देण्याचा अवघडपणा ह्या दोन्ही गोष्टी कथाकाराने इतक्या तीव्रतेने जाणल्या आहेत की, त्यांतून सुटण्यास त्याला चमत्कारच करावा लागला. देणारा जर देव असेल आणि त्याच्या भांडारास तळ नसेल, तरच ही मैत्री निर्वेध राहते. शिवाय हे दान आहे, उसने नव्हे. कृष्णाने तीन महिन्यांच्या बोलीने सुदाम्यास काही मोहरा दिल्या असत्या आणि चौथा महिना उजाडला असता, तर ती कथा कोणत्या कवीने गायिली असती?

ह्या कथेची दुसरी बाजू महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि ती कीर्तनात सहसा ऐकू येत नाही. द्रोण आणि द्रुपद हे बाळपणाचे सोबती. खेळताना राजपुत्र सहज म्हणाला होता की, मी राजा झालो म्हणजे माझे राज्य तुझेही होईल. पुढे द्रोणाच्या घरी दारिद्र्य इतके की, मुलास दूध म्हणून पीठ कालविलेले पाणी मिळाले. तेव्हा तो पांचालास गेला आणि 'सखा' म्हणून हाक मारिता झाला. द्रुपदाने उत्तर दिले की, मैत्री समानांतच होते. राजाचा आणि दरिद्र्याचा स्नेह कसला? द्रोण हे अपमान म्हणून घेऊन गेला. हस्तिनापुरी शिष्य तयार केले, त्यांच्याकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदास बांधून आणविले, अर्धे राज्य ठेवून घेतले आणि म्हणाला: आता आपण समान झालो, आता मैत्री होऊ शकेल. द्रुपदाने पुढे यज्ञ करून द्रोणाचा वध करणारा पुत्र मागितला.

व्यासांनी येथे जे पाहिले आहे ते आमच्या मते विलक्षण आहे. कर्ज दिलेले नाही, घेतलेले नाही. लहानपणी बोललेल्या एका वाक्याचे एकाच्या मनात येणे झाले आणि दुसऱ्याच्या मनात ते पोरखेळ राहिले. दोघांच्याही बाजूने पाहिले तर दोघेही खरे. मित्रांच्या पैशाच्या व्यवहारात नेमके हेच घडते: एकच गोष्ट दोन मनांत दोन निरनिराळ्या नावांनी जमा होते. घेणारा तिला 'त्याने मदत केली' असे म्हणतो, देणारा 'मी उसने दिले' असे म्हणतो, आणि वर्षानुवर्षे दोघेही आपापल्या शब्दाशी प्रामाणिक राहतात.

ह्या दोन कथांच्या मध्ये एक मोकळी जागा राहते. एका टोकास मौन आणि चमत्कार, दुसऱ्या टोकास हक्क आणि वैर. मधली वाट म्हणजे दोन मित्रांनी समोरासमोर बसून रक्कम, कारण आणि मुदत मोकळेपणी बोलणे, आणि शक्य तर लिहून ठेवणे. ती आमच्याकडे रुळली नाही, ह्याचे कारण आम्हांस कागदाच्या इतिहासात दिसते. महाराष्ट्रात ऋणाचा कागद हा कधी मित्राचा झालाच नाही. तुकोबांच्या चरित्रात महिपतींनी वर्णिलेला प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. वडिलांच्या वेळेपासूनची लोकांकडील खते इंद्रायणीत बुडविली गेली. त्यापूर्वी धाकटे बंधू कान्होबा ह्यांच्या वाट्याचे कागद त्यांस देण्यात आले, आणि बुडाले ते तुकोबांच्या स्वतःच्या वाट्याचे, हा तपशील वाचक नेहमी विसरतात. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या पैशाने उदार होण्याचा मोह त्या वैराग्यातही झाला नाही. तथापि लोकांच्या स्मरणात राहिले ते एवढेच, की संत मनुष्य कागद पाण्यात सोडतो. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, 1875 च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. तो त्याच्या घरातील दस्तऐवजांवर होता. खते काढून जाळण्यात आली. सरकारने चौकशी नेमली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. इंद्रायणीत बुडालेले कागद आणि सुप्यास जळालेले कागद ह्यांनी मिळून मराठी मनावर एक ठसा उमटविला: कागद सावकार करतो, भला माणूस कागद करीत नाही. म्हणून मित्राने पैसे मागितले असता आपण खिशात हात घालतो, पण लेखणीस हात लावीत नाही. तसे करणे म्हणजे मित्रास कूळ ठरविणे आणि स्वतः पगडी घालून बसणे.

परिणाम असा की, ते ऋण केवळ स्मरणात राहते. आणि स्मरणात राहिलेल्या ऋणास दोन ठिकाणी दोन दरांनी व्याज चढते. देणाऱ्याच्या मनात ते वाढत जाते, घेणाऱ्याच्या मनात ते झिजत जाते. आमच्या धर्मशास्त्रकारांनी दामदुप्पटीचा नियम घालून व्याजाची थकबाकी मुद्दलाहून अधिक होऊ दिली नाही. मनातल्या व्याजास अशी मर्यादा कोणी घातली नाही. कायद्याने पाहू जाता हातउसन्याच्या वसुलीची मुदत सामान्यतः तीन वर्षे असते, आणि लेखी कबुली वा अंशतः फेड झाल्यास ती नव्याने धावू लागते. तीन वर्षांनंतर न्यायालयाचे दार बंद होते. बाजारपेठेत समोरून येणारा मनुष्य मात्र चौथ्या वर्षीही समोरून येतच असतो.

ह्याचा अनुभव आम्हांसही आहे. आमच्या एका तीस वर्षांच्या मित्रास मुलाच्या शिक्षणासाठी काही रक्कम हवी होती. ती आम्ही दिली, आणि दिल्याचा आनंदही पुष्कळ झाला. पहिल्या दोन महिन्यांत तो आपण होऊन दोनदा विषय काढून गेला. तिसऱ्या महिन्यापासून विषय निघेनासा झाला, मग चहा निघेनासा झाला. वर्ष सरताना आमच्या ध्यानात आले की, संध्याकाळी फिरावयास जाताना आपण त्याच्या घरावरचा रस्ता टाळतो. त्याला संकोच वाटू नये म्हणून! त्याने दारात नवी दुचाकी आणली त्या दिवशी आमच्या मनात जे आकडे उभे राहिले, ते आजवर आम्ही कोणाही मित्राविषयी मांडले नव्हते. मित्राच्या घरचे लग्न, त्याची सहल, त्याच्या पत्नीच्या हातातील बांगडी, ह्या साऱ्या आनंदाच्या गोष्टी. त्या एका न लिहिलेल्या चोपडीत उतरू लागतात. आणि लाज कोणास वाटते? घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यास अधिक. ही उलटापालट कादंबरीकारास मोठी मेजवानी ठरावी. पण तिच्याकडे कोणी पानावर बसावयास आलेले आम्ही तरी पाहिले नाही.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात आमचे आयुष्य गेले, तेव्हा तिकडे डोकावल्यावाचून राहवत नाही. ह्या विषयावर जो तो हॅम्लेटमधील पोलोनियसचा उपदेश पुढे करतो: ना कोणाचे घ्यावे, ना कोणास द्यावे, कारण पैसाही जातो आणि मित्रही. मराठीत हे नाटक प्रथम आगरकरांनी आणिले. त्यांच्या त्या भाषांतराचे नाव 'विकारविलसित'. जिच्या पायी त्यांनी आणि टिळकांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढिले, ती बदनामीची फिर्याद कोल्हापूरच्याच कारभाऱ्यांची होती, हे आमच्या भागातील वाचकास आठवल्यावाचून राहणार नाही. असो. पोलोनियसचे ते बोल विद्यार्थी सुवचन म्हणून वहीत उतरून घेतात, आणि बोलणारा कोण हे विसरतात. मुलास हा उपदेश करून पॅरिसला रवाना केल्यावर थोड्याच वेळाने हाच बाप त्याच्यावर पाळत ठेवावयास मागाहून माणूस पाठवितो. ज्याचा पोटच्या पोरावर विश्वास नाही, त्याने मित्रास पैसे देऊ नयेत हे ठीकच आहे. नाटककाराने हे शहाणपण कोणाच्या तोंडी घातले आहे, हे पाहिल्यावाचून त्याची किंमत करणे बरोबर नाही. आमच्या एका संस्कृत सुभाषितातही मित्राशी अर्थसंबंध टाळण्यास सांगितले आहे. तेथे बोलणारे पात्र नाही, म्हणून सल्ला अधिक शहाणा वाटतो इतकेच.

खरा जाणकार 'व्हेनिसच्या व्यापाऱ्या'त भेटतो. त्या नाटकाची चर्चा नेहमी शायलॉकभोवती फिरते, म्हणजे पुन्हा सावकाराभोवतीच. आमचे लक्ष मात्र पहिल्याच अंकातील बॅसानिओच्या मागणीकडे वेधते. त्याचे आधीचे देणे तसेच आहे, आणि तो नवे मागत आहे. तो म्हणतो की, लहानपणी एक बाण हरवला म्हणजे मी त्याच दिशेने दुसरा सोडीत असे आणि त्याच्या मागे जाऊन दोन्ही मिळवीत असे. तेव्हा आणखी एकदा दे, दोन्ही परत मिळतील. हातउसने घेणाऱ्या सर्व सज्जनांचे सारे शास्त्र ह्या एका दृष्टांतात आले आहे. आणि अँटोनिओ? तो ऐकवत नाही. त्यास मित्राचा हिशेब ऐकण्याची लाज वाटते. तू इतके फिरवून का बोलतोस, सरळ माग, असे तो म्हणतो. आपल्याजवळ रोकड नाही म्हणून तो वैऱ्याकडून कागद करून घेतो आणि मित्रास कागदावाचून देतो. दोन वैऱ्यांमधील कागदावर सारे नाटक चालते. दोन मित्रांमधील पहिल्या उसन्याचे शेवटी काय झाले, हे नाटककार सांगावयासही थांबत नाही. शेक्सपीअरलाही येथे पुढे जावयाचे नव्हते, असेच म्हणावे लागते.

'टायमन'मध्ये तो थोडा पुढे गेला आहे. दिवाळे निघालेला टायमन तीन मित्रांकडे नोकर पाठवितो. पहिला म्हणतो, तारणावाचून केवळ मैत्रीवर द्यावयाचे हे दिवस नव्हेत. दुसरा हळहळतो की, कालच सारी रक्कम गुंतवून बसलो. तिसरा तर रागावतो: माझ्याकडे सर्वांच्या शेवटी का आला, हा माझा अपमान आहे! हा तिसरा मनुष्य आम्ही राधानगरीत पाहिला आहे. वाचकांनीही आपापल्या गावी पाहिला असेल.

आमच्या शूद्रकाचा चारुदत्त टायमनचाच सख्खा भाऊ, पण किती निराळा! दारिद्र्यात त्याला खंत वाटते ती गेलेल्या संपत्तीची नव्हे, सैलावलेल्या स्नेहाची. त्याने पुष्कळांस दिले; पण 'मृच्छकटिका'त त्याचा देणेकरी असा कोणी उरलेला नाही, कारण त्याचे सारे देणे दान होते. ऋणाचा खरा प्रसंग कवीने दुसऱ्याच माणसावर रचला आहे. द्यूतात दहा सुवर्ण हरलेला संवाहक मागे लागलेल्या माणसांना चुकवीत वसंतसेनेच्या घरात शिरतो, आणि ती आपले कंकण देऊन त्याला सोडविते. तो पुढे भिक्षू होतो, आणि शकाराने गळा दाबून टाकिलेल्या वसंतसेनेस तोच वाचवितो. परतफेड झाली, पण सोन्यात नव्हे. येथेही लक्षात येते की, फेड सुंदर होण्यास देणारी आणि घेणारा हे एकमेकांचे मित्र नव्हते ही गोष्ट कारणी लागली आहे. अनोळखी माणसाचे ऋण आमच्या कवींना उत्तम रंगविता आले. मित्राचे मात्र नाही.

मग ते कोठे सापडते? आमच्या मते पत्रांत. राधानगरी हे गाव ज्यांनी आपल्या कन्येच्या नावाने वसविले आणि येथील धरणाचा आरंभ केला (ते पुरे होण्यास स्वातंत्र्यानंतरचे दशक उजाडावे लागले), त्या शाहू छत्रपतींना डॉ. आंबेडकरांनी 1921 च्या सप्टेंबरात लंडनहून एक पत्र पाठविले. अपुरा राहिलेला अभ्यास आणि परतीचा प्रवास ह्यांसाठी दोनशे पौंड हवेत, ते कर्ज म्हणून हवेत, आणि परतल्यावर सव्याज फेडीन, असा त्याचा आशय आहे. मागणारा विद्वान, देणारा राजा, पूर्वीचे साह्यही झालेले. तरी पत्रात रक्कम आहे, कारण आहे आणि फेडीची बोली आहे. सुदाम्याने जे द्वारकेत उच्चारले नाही ते येथे स्वच्छ उच्चारले आहे, आणि त्यात मागणाराची मान कोठे खाली गेलेली दिसत नाही.

आज पैसा मोबाईलवरून क्षणात जातो. तारीख, वेळ आणि आकडा आपोआप नोंदला जातो. आमच्या विद्यार्थ्यांस वाटते की, कागदाचा प्रश्न ह्याने मिटला. त्या नोंदीत पैसा गेल्याचे दिसते. तो कशासाठी गेला आणि केव्हा परत यावयाचा, हे त्यात नसते. द्रोण आणि द्रुपद ह्यांच्यातला वाद त्या नोंदीने मिटला नसता.

राजाकडे मागणे एक वेळ सोपे. आंबेडकरांच्या चरित्रातील ह्याहून अवघड असा ऋणसंबंध त्यांचे पारशी मित्र नवल भथेना ह्यांच्याशी आहे. अमेरिकेत शिकताना जडलेली ही मैत्री. 1920 साली आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले; पुढे लंडनच्या मुक्कामातही त्यांच्याकडे मागणे झाले; आणि 1923 साली वकिलीची सनद काढण्यास पैसा नव्हता तेव्हा पुन्हा तेच धावून आले. ह्या काळात आंबेडकरांनी भथेनांस लिहिलेल्या एका पत्रात आम्ही शोधीत असलेली भाषा आहे. तुला मी फार त्रास देतो, अगदी जिवलग मित्रासही सोसवणार नाही इतका भार तुझ्यावर टाकीत आहे, ह्या सततच्या मागण्यांनी तुझी पाठ मोडून तू माझ्यापासून दुरावू नयेस, अशा आशयाचे ते शब्द आहेत. जे भय प्रत्येक ऋणको मनात दाबतो आणि ज्याच्यामुळे तो रस्ता बदलतो, ते येथे मित्रासमोरच मांडले आहे. मराठी मनुष्याच्या मैत्रीतील पैशाविषयी इतके उघडे गद्य आम्ही दुसरे वाचलेले नाही. आणि ते लिहिले गेले इंग्रजीत, ह्याचे आम्हांस थोडे वाईटही वाटते.

भथेनांच्या बाजूची गोष्ट मात्र आमच्या वाचनात आलेली नाही. मुंबईत बसून विलायतेच्या टपालाची वाट पाहणारा, पाकीट फोडण्यापूर्वी आत काय असेल हे ओळखणारा आणि तरीही पैशाची तजवीज करावयास उठणारा तो मनुष्य प्रत्येक वेळी काय मोजीत असेल? आमच्या कादंबरीकारांपैकी कोणास विषय हवा असेल, तर तो त्या टेबलापाशी आहे. पाकीट हातात आहे, आणि उत्तर अजून लिहावयाचे आहे.